झाकणावरचा काटा आणि जाळीवरची धग : कोळशाच्या केटलमध्ये तापमान कसं ओळखायचं, कसं राखायचं

धुळवडीच्या दुपारी पानं वाढून झाली होती, घरची-पाहुण्यांची मिळून चौदा माणसं बसली होती, आणि मी कोंबडीची मांडी मोडली तर सांध्याजवळ मांस कच्चं. केटलच्या, म्हणजे कोळशावर चालणाऱ्या गोल झाकणाच्या भट्टीच्या, झाकणावरचा तापमानाचा काटा तासभर २०० अंश सेल्सियसवर ठाम होता. घड्याळाच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं. वैनींनी काही न बोलता ती कोंबडी कुकरमध्ये घातली, दोन शिट्ट्या काढल्या आणि रश्श्यात सोडली.

संध्याकाळी मी केटल पुन्हा पेटवली. या वेळी कोंबडी जिथे ठेवली होती नेमक्या त्याच जागी, जाळीवर, दुसरा थर्मामीटर ठेवला. झाकणावर २०० दिसत होते तेव्हा जाळीवर होते १५५. त्या दिवसापासून मी झाकणावरच्या काट्यावर विसंबून स्वयंपाक केलेला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता बऱ्याच घरांच्या गच्चीवर, शेतातल्या घरासमोर अशा गोल झाकणाच्या केटल दिसायला लागल्या आहेत. कोणी ऑनलाइन मागवतं, कोणी उद्यमबागेतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतं. आणि जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच : "वरनं करपतंय, आतनं कच्चं राहतंय." ही तक्रार तापमान न बघितल्याची आहे. म्हणून सगळं पायरीपायरीनं लिहितोय.

आधी धग चालते कशी ते बघू

ज्यांनी घरात शेगडी बघितली आहे त्यांना अर्धं आधीच ठाऊक आहे. शेगडीच्या खालच्या दारातून वारा आत जातो, राख झटकली की निखारा फुलतो, राख साठली की मंदावतो. आमची आज्जी दूध आटवताना निखाऱ्यांवर मुद्दाम राख पसरायची. कोळसा तेवढाच, पण हवा कमी झाली की आच कमी.

केटलमध्ये हेच होतं, फक्त वर झाकण आल्यामुळे हवेला एकच वाट उरते : खालच्या झडपेतून आत, निखाऱ्यांतून वर, झाकणाखालून फिरून वरच्या झडपेतून बाहेर. ही वाट तुमच्या हातात आहे म्हणजे तापमान तुमच्या हातात आहे. १९५२ साली अमेरिकेत शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा पत्र्याचा गोळा अर्धा करून ही भट्टी बनवली. उघड्या भट्टीवर वारा त्रास देत होता म्हणून त्यांना झाकण हवं होतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. मोकळ्या शेगडीत आच वाढवायची तर आपण कोळसा घालतो. झाकण लावलेल्या केटलमध्ये आच वाढवायची तर हवा वाढवायची. कोळसा किती घातला यावर आग किती वेळ टिकेल ते ठरतं, आणि हवा किती दिली यावर ती किती तापेल ते.

झाकणावरचा काटा खोटा का ठरतो

तो बिघडलेला असतोच असं नाही. तो झाकणाच्या माथ्याजवळची हवा मोजतो आणि गरम हवा वर चढते. शिवाय बऱ्याच केटलमध्ये तो कुठल्या तरी एका बाजूला बसवलेला असतो. ती बाजू निखाऱ्यांवर आली तर आकडा फुगतो. आत दोन धातूंची पट्टी असते, ती सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे आग वाढून पाच मिनिटं झाली तरी काटा जुनंच सांगत असतो. आग वाढते आहे की उतरते आहे एवढं त्यावरून कळतं, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे.

हवे आहेत ते दोन आकडे : जाळीवर, पदार्थाच्या शेजारी किती आहे तो, आणि पदार्थाच्या पोटात किती आहे तो.

त्यासाठी दोन वायरींचा डिजिटल थर्मामीटर सगळ्यात सोयीचा. एक सळई जाळीवर, एक मांसात, आणि आकडे दाखवणारी डबी बाहेर. तो नसेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा गोल काट्याचा थर्मामीटर जाळीवर ठेवा आणि मांसासाठी पटकन टोचून बघायचा वेगळा डिजिटल घ्या. पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर टोचायचा घ्या. जाळीचं तापमान अंदाजानं निभावतं, कोंबडीच्या पोटातलं अंदाजावर सोडायचं नाही.

कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायची जी गन घरोघरी आली, ती इथे चालत नाही. ती अंगातला ताप मोजण्यासाठी आहे, चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की तिचं माप संपतं. कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन शेकडो अंश दाखवते, पण तीसुद्धा जाळीचा किंवा तव्याचा पृष्ठभाग मोजते, हवा मोजत नाही. चकचकीत स्टीलवर तर ती साफ चुकते.

थर्मामीटर तपासून घ्या, आणि बेळगावचं पाणी १०० ला उकळत नाही हे विसरू नका

नवीन असला तरी आधी तपासायचा. एका ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरा, वर थोडंच पाणी घाला, ढवळा आणि सळईचं टोक मधोमध धरा, तळाला लागू देऊ नका. अर्ध्या मिनिटानं ० यायला हवं.

मग उकळतं पाणी. इथेच आपल्याकडे लोकांचा गोंधळ होतो. माहितीपत्रकात १०० लिहिलेलं असतं, आपल्याला ९७-९८ दिसतात आणि चांगला थर्मामीटर परत पाठवला जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. दर तीनशे मीटरला उकळबिंदू जवळपास एक अंशानं उतरतो. म्हणजे टिळकवाडीतल्या गॅसवर खळखळ उकळणारं पाणी ९७.५ च्या आसपासच असणार. खानापूर, निपाणी थोडी खाली आहेत, तिथे ९८ च्या जवळ येईल. कारवारला समुद्रकाठी तोच थर्मामीटर १०० दाखवेल. बेळगावात १०० दाखवणारा थर्मामीटर अडीच अंश जास्त सांगतो आहे असं समजा.

काट्याच्या थर्मामीटरला चकतीच्या मागे बहुधा नट असतो, तो फिरवून काटा जागेवर आणता येतो. डिजिटलला तशी सोय नसेल तर फरक कागदावर लिहून डबीच्या मागे चिकटवा. आणि आकडा सेल्सियसमध्ये आहे की फॅरनहाइटमध्ये, ते एकदा बघून घ्या. परदेशी पाककृतीतले २२५ म्हणजे आपले १०७, २५० म्हणजे १२१, ३५० म्हणजे १७७. या एका चुकीनं कितीतरी मटण जळालं असेल.

सळई धुताना फक्त धातूचा भाग धुवा. वायर जिथे सळईला जोडली आहे त्या सांध्यात पाणी गेलं की आकडे भलतेच येतात.

कोळसा

लोणारी कोळसाच घ्यायचा, लाकडाचा. दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थाखाली चालत नाही. वखारीतून पोतं आणलं की मी ते सरळ वापरत नाही, गोणपाटावर ओतून तीन ढीग करतो. मुठीएवढे तुकडे एकीकडे, लिंबाएवढे दुसरीकडे, आणि चुरा वाळूच्या चाळणीनं चाळून बाजूला. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. खण्ण असा आवाज आला तर कोळसा चांगला भाजलेला आणि कोरडा. थप्प झाला तर ओल धरलेला किंवा आत लाकूड राहिलेलं. असा तुकडा धूर करतो आणि त्या धुराचा कडवटपणा मांसाला लागतो.

ही निवडानिवड फुकट जात नाही. चुरा निखाऱ्यांखालच्या जाळीच्या फटीत बसतो, हवा अडवतो, आणि मग झडप पूर्ण उघडूनही केटल तापत नाही. मुठीएवढे तुकडे हळू पेटतात आणि टिकतात, लिंबाएवढे चटकन पेटतात. एकाच आकाराचे तुकडे असले की आकडा स्थिर राहतो. कारखान्यात दाबून केलेल्या वड्या म्हणजे ब्रिकेट मिळाल्या तर त्या सगळ्या सारख्या असल्यामुळे लांबच्या शिजवणीला उत्तम. नारळाच्या करवंटीच्या वड्याही चांगल्या टिकतात.

पेटवणं आणि मांडणी

रॉकेल नको. त्याचा वास पदार्थात उतरतो. तळाला जाळी असलेला पत्र्याचा उभा डबा, ज्याला चिमणी म्हणतात, तो घ्या. खाली तेलाचा हात लावलेले दोन कागदाचे बोळे, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडांना पांढरी राख धरते, तेव्हा ओतायचा.

ओतण्याआधी तीन कामं. कालची राख काढा, खालची झडप मागेपुढे फिरवून मोकळी आहे ना बघा. झडपेच्या दांड्याजवळ मार्करनं चार खुणा करा : बंद, पाव, अर्धी, पूर्ण. खुणेशिवाय "थोडीशी उघडली" याला काही अर्थ राहत नाही, पुढच्या वेळी ती थोडीशी किती होती ते आठवत नाही. तिसरं, वरची जाळी आणि झाकण हाताशी ठेवा.

निखारे सगळे एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी. पदार्थ मोकळ्या बाजूला. झाकण असं लावा की वरची झडप पदार्थाच्या वर येईल, म्हणजे गरम हवा पदार्थावरून जाऊन मगच बाहेर पडेल. मोकळ्या बाजूला खाली एका पसरट भांड्यात पाणी ठेवा. पाणी उकळबिंदूच्या वर जात नाही, त्यामुळे आग मध्येच भडकली तर जास्तीची उष्णता ते पिऊन घेतं आणि आकडा एकदम उसळत नाही. चरबीही त्यातच पडते.

जाळीवरची सळई पदार्थापासून चार-पाच सेंटिमीटर लांब, जाळीच्या बोटभर वर. मांसाला चिकटवली तर मांसाच्या गारव्यानं आकडा कमी येईल, निखाऱ्यावर ठेवली तर झळीनं जास्त. ती अधांतरी कशी ठेवायची हा प्रश्न येतो. मी बटाटा आडवा कापून सपाट बाजू जाळीवर टेकवतो आणि सळई त्यातून आरपार घालतो, टोक दोन-तीन बोटं बाहेर. वायर निखाऱ्यांच्या बाजूनं न्यायची नाही. वरच्या झडपेतून किंवा झाकणाच्या कडेखालून काढली तर चालते. इनॅमलच्या झाकणाला ड्रिलनं भोक पाडायच्या फंदात पडू नका, कपचा उडतो आणि तिथून गंज सुरू होतो.

थर्मामीटर नसेल त्या दिवशी तळहात. जाळीपासून चार-पाच इंच वर हात धरा. दोन ते चार सेकंदांत काढावा लागला तर आच तेज, २३० च्या वर. पाच ते सात सेकंद सोसली तर मध्यम, १८० ते २३०. आठ-दहा सेकंद सोसली तर मंद. भाजीच्या कापांना, कणसांना एवढं पुरतं.

आकडा चढत असतानाच धरायचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

केटल तापवणं सोपं आहे, निववणं अवघड. एकदा सगळे निखारे फुलले की झडपा मिटल्या तरी आकडा उतरायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, कारण पेटलेला कोळसा आणि तापलेला पत्रा दोन्ही उष्णता सोडत राहतात. म्हणून हव्या त्या आकड्याच्या वर जाऊन खाली यायचं नाही, खालून वर जाताना त्याला गाठायचं.

समजा १८० हवे आहेत. निखारे ओतले, जाळी-झाकण लावलं, दोन्ही झडपा पूर्ण. आकडा ९०, ११०, १३० असा चढेल. १५० ला खालची झडप अर्धी करा. १६५-१७० ला पावापेक्षा थोडी जास्त. मग हात मागे बांधून उभे राहा. वरची झडप शक्यतो पूर्ण उघडीच असू द्या, फार तर अर्धी. ती मिटली तर धूर आत कोंडतो आणि कडवटपणा येतो. सूत्र खालच्या झडपेकडे.

झडप हलवल्यावर परिणाम दिसायला दहा ते पंधरा मिनिटं जातात. हा वेळ न देणं ही नवशिक्यांची सवय. झडप पाव केली, पाच मिनिटांत आकडा उतरला नाही म्हणून आणखी मिटली, मग दहा मिनिटांनी दोन्हीचा परिणाम एकदम आला, आकडा १३० वर, घाबरून झडप पूर्ण उघडली, पुन्हा २१०. तासभर हा झोका चालतो. एका वेळी एकच झडप, एकच खूण, आणि पुढचा निर्णय घड्याळात पंधरा मिनिटं झाल्यावर.

दहा अंश इकडे, दहा अंश तिकडे हे स्थिरच समजायचं. १७२ दिसले म्हणून उठून झडपेला हात लावायची गरज नाही.

आणि झाकण. माझे दाजी दर पाच मिनिटांनी "बघू तरी रंग कसा आलाय" म्हणत मुठीला हात घालायचे. त्यांना मी एकदा शेजारी बसवून डबीवरचा आकडा दाखवला. "दाजी, आता उघडा, आणि हिकडं बघा." १७८ वरून आकडा मिनिटाभरात ११४ वर आला. झाकण लावल्यावर आठ मिनिटांनी १८० झाले आणि थांबले नाहीत, १९६ पर्यंत गेले, कारण झाकण उघडं असताना निखाऱ्यांनी पोटभर हवा खाल्ली होती. तेव्हापासून ते डबी घेऊनच बसतात, आणि मुलांनाही झाकणाला हात लावू देत नाहीत.

एका कोंबडीची संध्याकाळ

वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो. कोंबडी १.२ किलो, अख्खी. आपल्याकडे दुकानदार न विचारता कातडी काढतो, तेव्हा सांगताना "कातडीसकट" असं ठासून सांगावं लागतं. कातडी नसेल तर जाळीचं तापमान १६५ च्या आसपास ठेवा आणि मधे एकदा तेलाचा हात फिरवा, नाहीतर छाती सुकते. मसाला दही, आलं-लसूण, मीठ आणि संकेश्वरी मिरची. फ्रीजमधून काढून अर्धा तास झाला होता, पोटात १३ अंश.

५.१० ला चिमणी पेटवली, सुमारे सव्वा किलो कोळसा. ५.३० ला निखारे ओतले. ५.४५ ला जाळीवर १७०, खालची झडप पावाच्या पुढे. कोंबडी ठेवली, मांडी निखाऱ्यांकडे, छाती लांब. आकडा १५० वर उतरला. हा उतार गार मांसाचा असतो, झडपेला हात लावायचा नाही. ६ वाजता आपोआप १७२. ६.२० ला छातीत ५१, मांडीत ५५. झाकण एकदाच उघडून कोंबडी फिरवली. ६.४० ला जाळीवर १६४ आणि उतरता कल, म्हणून झडप अर्धी. ७ वाजता छातीत ७१, मांडीत ७८. ७.०५ ला छाती ७४, काढली. झाकून दहा मिनिटं ठेवली तेव्हा आतली ऊब आणखी तीन अंश चढली होती.

७४ हा आकडा सोडायचा नाही. कोंबडीतले आजाराचे जंतू त्याला लगेच मरतात. मांडी मात्र ७४ ला खाण्यासारखी असली तरी चिवट लागते, ती ८० ते ८५ ला मऊ होते. म्हणून मांडी निखाऱ्यांकडे.

सळई कुठे टोचायची हे नीट बघा. छातीच्या सगळ्यात जाड भागात, बाजूनं, आडवी. मांडीत, जिथे ती अंगाला जुळते त्या घडीजवळ, पण हाडाला न लागता. हाडाशी आकडा वेगळाच येतो. हळूहळू आत ढकला आणि मग हळूहळू बाहेर ओढा. ओढताना जो सगळ्यात कमी आकडा दिसतो तो खरा. रस पांढरा आला की शिजली, हा समज सोडून द्या. ब्रॉयलर कोंबडी अगदी कोवळी असते, तिच्या हाडातला रंग बाहेर पाझरतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही हाडापाशी तांबूस दिसू शकतं. उलट पांढरं दिसणारं मांस ६५ वर असू शकतं. डोळ्याला हे कळत नाही.

माशाला ६३ पुरे. कारवार-गोव्याकडून आलेल्या सुरमईचा जाड काप तेज आचेवर काही मिनिटांत तिथे पोचतो, तेव्हा टोचायचा थर्मामीटर हातातच ठेवा. खिम्याच्या कबाबाला ७१.

राण, आणि न हलणारा आकडा

बकऱ्याची राण, म्हणजे मागची अख्खी मांडी, ही केटलची खरी परीक्षा. चार-पाच तास जाळीवर १३० ते १३५ राखायचे असतात. त्यासाठी कोळसा एकदम पेटवायचा नाही. न पेटलेले मुठीएवढे तुकडे भिंतीलगत अर्धवर्तुळात दोन ओळींत, अंगाला अंग लावून, वर एक ओळ अशी माळ लावा आणि एका टोकाला आठ-दहा पेटते निखारे ठेवा. आग एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जाते. ब्रिकेटची माळ आपोआप चालते. लोणारी कोळशाची असेल तर मधली फट राहू देऊ नका, नाहीतर आग तिथेच थांबते. फटीत लिंबाएवढे तुकडे भरा, निवडून ठेवलेले इथे कामी येतात. खालची झडप पाव किंवा त्याहून कमी, वरची अर्धी.

पहिले दोन तास आतला आकडा छान चढतो. मग ६५-७० च्या आसपास कुठे तरी थांबतो. तासभर तिथेच. थर्मामीटर बिघडला असं वाटतं, माणूस झडप उघडून आग वाढवतो आणि राण बाहेरून सुकवतो. खरं कारण घामाचं आहे. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं, आणि जशी मडक्यातल्या पाण्याला बाहेरची ओल गार ठेवते, तशी ही वाफ मांसाला गार ठेवते. आग जेवढी देते तेवढं वाफ नेते.

दोन उपाय. थांबा, पाणी आटलं की आकडा पुन्हा चढतो. किंवा राण केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गच्च गुंडाळा, वाफेला वाट मिळत नाही आणि आकडा सरकतो. बकऱ्याला चरबी कमी, म्हणून मी गुंडाळतोच, आत अर्धी वाटी रस्सा घालून.

मटण ६३ ला काढून तीन मिनिटं ठेवलं तरी खाण्यास सुरक्षित आहे, पण आपल्याला मांस हाडावरून सुटलेलं हवं असतं. चिवट शिरा आणि पडदे विरघळून त्यांचा चिकट रस होतो तो ७० च्या पुढे, आणि वेळ घेऊन. ९० च्या पुढे सळई टोचून बघायला लागा. तुपात जावी तशी गेली की झालं. ते ९० ला होईल किंवा ९५ ला, जनावराच्या वयावर आहे. इथे आकडा वेळ जवळ आल्याचं सांगतो, शेवट हाताला कळतो.

रताळी

मांस न खाणाऱ्या घरांसाठी, आणि खाणाऱ्यांसाठीही. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेच्या लाल मातीतली, खानापूरकडची रताळी केटलमध्ये जशी होतात तशी उकडून कधीच होत नाहीत, आणि याचं कारणही तापमानच आहे. रताळ्याच्या आत स्टार्चची साखर करणारं एक विकर असतं. ते साधारण ६० ते ७५ अंशांत जोमात काम करतं, त्याच्या वर बरंच गेलं की निकामी होतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा काही मिनिटांत ओलांडतं. केटलमध्ये जाळीवर १३५-१४० ठेवले तर ते तिथे बराच वेळ रेंगाळतं आणि गोडी वाढत जाते.

मध्यम आकाराची, सालासकट, धुऊन पुसून, मोकळ्या बाजूला मांडा. दीड ते दोन तास. एकात सळई टोचून ठेवा. ९५ च्या आसपास आलं, साल सैल होऊन सुरकुतली आणि टोकाला काकवीसारखा चिकट थेंब आला की काढा. हा थेंब मी पहिल्यांदा बघितला तेव्हा रताळं फुटून वाया गेलं असं वाटलं होतं. बोटानं चाटून बघितला, पाकच. वर तूप, मीठ. उपासाच्या दिवशी आमच्याकडे आता हीच मागणी असते.

पाऊस, वारा, थंडी

जूनपासून इकडे पाऊस लागला की कोळसा हवेतलीच ओल धरतो. आषाढातल्या बेतासाठी कोळसा आठवडाभर आधी झाकणाच्या प्लास्टिक पिंपात भरून ठेवा. ओल्या कोळशाची आधी ओल उडते, तोवर आकडा नीट चढत नाही. पावसाची सर झाकणावर पडली तरी पत्रा निवतो आणि आकडा उतरतो, म्हणून केटल वळचणीला ठेवावीशी वाटते. वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या असतील तरच ठेवा. बंद गॅलरीत, पार्किंगमध्ये, शटर ओढलेल्या गाळ्यात कधीच नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुंगी येऊन माणूस जागेवरच जातो. धूर दिसेनासा झाल्यावरही तो निघत असतो.

वाऱ्याची गंमत उलटी. खालच्या झडपेत वारा शिरला की फुंकणी लावल्यासारखी आग भडकते. तोच वारा झाकणावरून गेला तर केटल निवते. झडपेचं तोंड वाऱ्याकडून फिरवा, आणि दोन हात अंतरावर जुना पत्रा आडवा लावा. डिसेंबरच्या रात्री, बेळगावच्या कॅम्पात ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात त्या सुमारास, बाहेर चांगलीच थंडी असते. तेव्हा मी उन्हाळ्यापेक्षा मूठभर-दोन मूठ कोळसा जास्त धरतो आणि खालची झडप एक खूण पुढे.

आकडा ऐकत नसेल तेव्हा

चढत नसेल तर आधी राख. दांडा दोन-तीनदा फिरवून झडपेची भोकं मोकळी करा. दहातल्या आठ वेळा एवढ्यानं काम होतं. खालची झडप पूर्ण उघडूनही आकडा उतरतच राहिला तर कोळसा संपत आला आहे. तो पूर्ण संपायची वाट न बघता बाजूच्या चिमणीत थोडे निखारे तयार करून घाला. गार कोळसा ढीगभर टाकला तर आकडा आधी पडतो, मग अर्ध्या तासानं हाताबाहेर जातो.

जास्त चढला असेल तर खालची झडप जवळजवळ बंद, वरची अर्धी, झाकण बंदच. पाणी शिंपडू नका. राख उडून पदार्थावर बसते, वाफेनं हात भाजतो आणि इनॅमल तडकतं. झडपा मिटूनही आकडा उतरत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. झाकणाची कड वाकली आहे का, राखेचं भांडं नीट बसलं आहे का, बघा. कणकेचा पातळ गोळा लावून मी एकदा कड बंद केली होती, दम बिर्याणीच्या हंडीला लावतात तशी. त्या रात्रीपुरतं काम झालं, दुसऱ्या दिवशी कड ठोकून सरळ करून घेतली.

विझवताना

जेवण झालं की दोन्ही झडपा पूर्ण बंद. हवा नाही म्हणजे आग नाही. उरलेला कोळसा तसाच राहतो. राख लगेच टाकू नका. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो, आणि आपल्याकडे उकिरड्याशेजारी गवताची गंजी असते. पूर्ण दिवस गेल्यावर, हात फिरवून गार लागली तरच पत्र्याच्या डब्यात काढायची.

उरलेला कोळसा झटकून, चाळून मी काट्यावर वजन करतो आणि वहीत त्याच पानावर लिहितो : किती घातला, किती उरला, झडप कुठल्या खुणेवर होती, बाहेर वारा होता का. त्या कोंबडीच्या दिवशी ३५० ग्रॅम उरला होता. तो पुढच्या वेळी चिमणीत तळाला घालायचा, अर्धवट जळलेला असल्यामुळे तो सगळ्यात आधी पेटतो.